पाय काढला की फट्ट

चंद्रपूर सोडलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच बेत शिजत होता. गाडी बल्लारपूरकडे वळवायची, तिथल्या त्या गॅरेजवाल्याला शेजारी बसवायचं, मोकळ्या रस्त्यावर गाडी जरा पळवायची आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढून म्हणायचं, “ऐक आता.” पुढचं गाडीच बोलली असती.

“मूलच्या रस्त्याला घ्या,” माझी बायको नलू म्हणाली. “भांडण करून माहेरी जायचं नाहीये मला.”

नलूचं माहेर गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरीच्या आत, जंगलाला खेटून असलेल्या एका गावात. धान कापून झालं की दरवर्षी आम्ही नाशिकहून तिकडे जातो आणि येताना नव्या तांदळाचं पोतं घेऊन येतो. लेकीला नवा तांदूळ दिल्याशिवाय त्या घरात कुणी नवा भात खात नाही. यंदा वाटेत चंद्रपूरला नलूच्या बहिणीकडे मुक्काम केला. तिथवर गाडी ठीक आली. फक्त वरोऱ्याच्या अलीकडे उतारावर पाय काढला की मागून ‘ठुस्’ असा आवाज यायला लागला होता, म्हातारा माणूस जेवण झाल्यावर करतो तसा. गाडीचंही वय झालंय. मुलगी बालवाडीत होती तेव्हा घेतलेली इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी. मुलगी आता बंगळुरात नोकरी करते आणि फोनवर दर आठवड्याला सांगते, बाबा, ती विका. तेव्हा एवढ्या आवाजाकडे मी दुर्लक्षच केलं असतं. पण मी तो आवाज साडूंना ऐकवला.

साडू बल्लारपूरला नोकरीला आहेत. चंद्रपूरपासून बल्लारपूरपर्यंतचा प्रत्येक माणूस आपल्या ओळखीचा आहे, असा त्यांचा समज आहे. गाडी त्यांच्या ओळखीच्या गॅरेजात गेली. गॅरेजवाल्याने ती चालवून पाहिली नाही. आवाज कधी येतो, असंही विचारलं नाही. प्लग बदलले, इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या बारीक तोट्या) धुतले आणि “आवाज सायलेन्सरचाच राह्यते” असं म्हणून नवा सायलेन्सर ठोकून ठोकून बसवला. परतताना चंद्रपूरच्या पहिल्याच सिग्नलपाशी मी पाय काढला आणि ‘फट्ट!’ पुढे स्कूटरवर असलेल्या बाईंनी मागे वळून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. जुन्या कुजक्या सायलेन्सरने जे पोटात ठेवलं होतं ते नवा सायलेन्सर गावभर सांगत सुटला होता.

तर मूलचा रस्ता. कोळशाचे ट्रक मागे पडले, दोन्ही बाजूंना साग आला, मधेमधे कापलेल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं). ऊन कोवळं होतं, हवेत पेंढ्याचा वास होता. हे सगळं मला नलूने नंतर सांगितलं. माझं सगळं लक्ष उजव्या पायाकडे होतं. पाय दाबलेला असेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालायची. पाय काढला की फट्ट. आणि या रस्त्यावर प्रत्येक गावाला दोन गतिरोधक आहेत, एक येताना दचकवायला आणि एक जाताना. गतिरोधक आला की पाय काढावाच लागतो. फट्ट, फट्ट. कोंबड्या उडायच्या. एका गावात पारावरची माणसं उठून उभी राहिली. मी मान खाली घालून, दात खात पुढे गेलो.

मूलला आलूबोंडा खायला थांबलो. वरून तर्री, बाजूला तळलेली मिरची. बोंडा चांगला होता हे रागातसुद्धा कबूल करावं लागेल. हॉटेलसमोर गाडी थांबवताना ती वाजलीच, त्यामुळे आमचा घास तोंडात जायच्या आत सल्लागार मंडळ जमलं. एक जण म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी असणार. दुसरा म्हणाला, उतारावर न्यूट्रल करत जा. तिसऱ्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, मागच्या चाकाला लाथ मारली आणि विकून टाका म्हणाला. चाकाचा काय संबंध, असं मी विचारणार होतो, पण हॉटेलवाल्याने कढईतून मान वर न करता माझं सांत्वन केलं.

“वाजते तं वाजू द्या नं भाऊ. बंद तं नाई पडत?”

“मले तं आवडते बापा,” नलू म्हणाली. “लोकाईले कयते तरी, जवाई आला म्हणून.”

मूल गाव आलं की नलूची भाषा बदलते. नाशिकमध्ये पंचवीसेक वर्षं ‘मला’, ‘तुला’ करणारी बाई इथे पहिल्या चहाबरोबर ‘मले’, ‘तुले’ वर येते आणि मी तिच्या जगात पाहुणा होतो. एरवी मला ते आवडतं. त्या दिवशी मी म्हणालो, तुम्हा लोकांना सगळ्याचीच गंमत वाटते. ‘तुम्हा लोकांना’ हे शब्द तिने जपून ठेवले असणार, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

सावली गाव मागे गेलं, वैनगंगेचा पूल आला. नदीचं पात्र रुंद, पाणी संथ, वाळूत बगळे, हेही नलूनेच नंतर सांगितलेलं. पूल संपून थोडं पुढे पोलिसांचा नाका होता. रस्त्यावर नागमोडी लावलेले लोखंडी अडथळे, बाजूला वाळूच्या पोत्यांची आडोशाची भिंत. मला पाय काढावाच लागला.

फट्ट! आणि लगेच आणखी एक, फट्ट!

पोत्यांमागे काहीतरी वेगाने हललं. एक जवान आडोशाला गेला, दुसऱ्याने हात वर करून ‘जागीच’ अशी खूण केली. मी जागीच होतो. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून मी इतका जागीच होतो की नलूने मला चिमटा काढून जिवंत आहे का ते पाहिलं. तरुण जवान खिडकीशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि आता त्याला त्याचा राग आला होता. रास्त राग होता, मला कळत होतं.

“काय फोडलं?”

“काही नाही हो, सायलेन्सर. पाय काढला की वाजतो.”

“वाजवून दाखवा.”

मी गाडी उभी असतानाच ॲक्सिलरेटर दाबला, सोडला. काही नाही. पुन्हा दाबला, सोडला. गाडी मांजरीसारखी गुरगुरली आणि गप्प. त्याने डिकी उघडायला लावली, नलूची लाडवांची पिशवी उपसली, खाली वाकून पाहिलं. पुन्हा वाजवा म्हणाला. मी घाम पुसत पुन्हा पुन्हा पाय काढत होतो आणि ती मेली साधी शिंकसुद्धा देत नव्हती. तालुकाभर तोफा डागत आलेली गाडी, पोलिसांसमोर मात्र सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी. शेवटी त्याने जायला सांगितलं, वर म्हणाला, “काका, हा इलाका कोणता हाये ते तरी पाहा. नीट करून घ्या, नाईतर इकडून येऊ नोका.” मी पहिला, दुसरा टाकला, जरा पुढे गेलो, पुढचा अडथळा आला, पाय काढला. फट्ट! आरशात तो जवान कमरेवर हात ठेवून उभा दिसला.

गडचिरोली गाव ओलांडेपर्यंत मी नुसता धुमसत होतो. पण रागात डोकं चालतं कधीकधी. गाडी उभी असताना वाजत नाही. गियरमध्ये असताना, चाकं इंजिनाला ओढत असताना, पाय काढला तरच वाजते. म्हणजे पाय काढल्यावर इंजिन हवा ओढतं, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या नळीत थोडं न जळलेलं पेट्रोल जातं, आणि बाहेरून कुठून तरी नळीत हवा शिरली की ते तिथेच पेटतं. सायलेन्सर मागे असतो. तो नुसता भोंगा. हवा पुढे शिरत होती, इंजिनाजवळ. हे मला बल्लारपूरला कळलं असतं तर! हे बल्लारपूरला त्याला कळलं असतं तर!

आरमोरीला बाजार भरला होता. तिथून आत वळलो. रस्ता अरुंद, दोन्हीकडे बांध्या, आणि बांध्यांत पुंजणे. पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्या गोल रचून केलेले ढीग. मळणीचं यंत्र येईपर्यंत ते तसेच शेतात राहतात. आमच्या मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा पुंजणा गावाबाहेर जंगलाच्या बाजूला असतो. घराचं वर्षाचं खाणं त्यात, आणि आमचं पोतंही.

गावाच्या तोंडाशी गाडी वाजली. इथे मात्र कोंबड्यांशिवाय कुणी पळालं नाही. उलट घराघरांतून माणसं बाहेर आली आणि चक्क खूश दिसली. माझा मेहुणा दिवाकर धावत आला. नलूपेक्षा लहान, शेती तोच बघतो.

“भाऊजी, हा आवाज गाडीचा? तुमच्या गाडीचा?” त्याने बॉनेटवर बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला. “बेस झालं. हे नीट नोका करू.”

मग कळलं. हत्ती आले होते. दोन-चार वर्षांपासून पलीकडच्या राज्यातून एक कळप या जंगलात येतो, धान तयार झालं की हमखास. पलीकडच्या गावात त्यांनी दोन पुंजणे विसकटले होते. मळणीचं यंत्र आजूबाजूच्या गावांत अडकलेलं, आमच्या गावाचा नंबर लागायचा होता. फटाके संपत आले होते. आणि अशात माझी गाडी आली.

मी सांगितलं, तुझ्या हत्तींसाठी मी गाडी बिघडवून ठेवणार नाही. मला हिच्यातून परत नाशिकला जायचंय, आणि त्या नाक्यावरून जायचंय. मामाजी ओसरीत बसून ऐकत होते. तेवढ्यात वनखात्याची जीप गावातून गेली. तिच्यावर भोंगा लावलेला, आणि भोंगा कानठळ्या बसतील अशा आवाजात सांगत होता की हत्ती जवळ आहेत, कृपया कोणीही आवाज करू नये.

सकाळी इंजिन गार असताना मी कामाला लागलो. मुलीने पाठवलेले व्हिडिओ मी चोरून पाहिले होते, ते कामी आले. नलूला गाडी सुरू करायला बसवलं. बारदान ओलं करून मागच्या नळीवर दाबून धरलं, म्हणजे धूर कोंडतो आणि जिथे फट असेल तिथून फुसफुसत बाहेर पडतो. पण मागे बारदान धरून पुढचं ऐकता येत नाही, हे व्हिडिओत नव्हतं. मी बारदान सोडून पुढे धावायचो, तोवर फुसफुस थांबलेली असायची. असं दोनतीनदा झाल्यावर मामाजी काठी टेकत आले, बारदानावर पाय देऊन उभे राहिले आणि म्हणाले, “जा आता, ऐका.” मी बॉनेटखाली डोकं घातलं. इंजिनाला नळी जिथे जोडली जाते तिथून स्पष्ट ऐकू आलं. साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे, आणि भोवती काजळीचा काळा पट्टा. जोडाचा एक नट गायब, दुसरा ढिला, मधली गॅस्केट (जोड घट्ट बसावा म्हणून घातलेली चकती) फाटलेली. सायलेन्सर ठोकून बसवताना अख्खी नळी मागे ओढली गेली होती आणि आधीच झिजलेला हा जोड पुरता उघडा पडला होता. माझ्या तोंडून बल्लारपूरच्या दिशेने जे शब्द गेले ते ऐकून नलूने इंजिन बंद केलं.

गॅस्केट आणि नट दिवाकरने आरमोरीहून आणले. तोंड लांब करून आणले. पानाही त्याचाच होता. मी नट आवळले, गावाबाहेर चक्कर मारली, उतारावर मुद्दाम पाय काढला. पक्ष्यांचे आवाज ऐकू आले. मी एवढा खूश झालो की दुपारी वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भात असा जेवलो की झोपलोच.

दिवस कलताना दिवाकर म्हणाला, पुंजण्यावर ताडपत्री टाकून येऊ, हत्तीच्या नाकाला धानाचा वास कमी जाईल. ताडपत्री जड, गाडीतून नेऊ. मला वाटलं, त्याला वाईट वाटू नये, गेलो. गावाबाहेर बांधावरून कच्चा रस्ता, मग जंगलाकडे छोटा उतार, खाली आमच्या बांध्या. ऊन झाडांच्या शेंड्यांवर राहिलं होतं. उतारावर मी पाय काढला.

फट्ट! फट्ट!

मी गाडीकडे पाहिलं. डॅशबोर्डकडे, म्हणजे चेहरा समजून. सकाळी आवळलेले नट! “हे कसं…” म्हणेपर्यंत दिवाकर पुढे वाकून समोर बघत होता. आणि मला समोरचं दिसलं. बांध्यांच्या पलीकडे झाडांच्या काठाला राखाडी काहीतरी उभं होतं, एक नाही, बरंच. मी दगड समजलो होतो.

“आणखीन वाजवा,” दिवाकर म्हणाला. “पळतीन आता.”

ते पळाले नाहीत. सगळे एकमेकांना चिकटले, मधे एक पिल्लू होतं, आणि त्यातली एक मोठी मादी कान फाकवून आमच्या दिशेने निघाली. आवाज न करता. एवढं मोठं जनावर आवाज न करता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी रिव्हर्स टाकला. आता लक्षात घ्या: पाय काढला तर गाडी वाजणार, आणि पाय न काढता बांधावरून गाडी मागे घ्यायची तर ती बांधावर राहणार नाही. मी पाय काढला नाही. मागचं चाक बांधावरून खाली गेलं आणि गाडी एका कुशीवर कलली. मी किल्ली फिरवून बंद केली.

मादी थांबली. जिथे थांबली तिथे आमचा पुंजणा होता. सोंडेने तिने वरचा थर उचलला आणि आपटला. मग बाकीचे आले. पेंढ्या उडत होत्या. आम्ही कललेल्या गाडीत, दिवाकर खाली आणि मी त्याच्या अंगावर, काचेतून बघत होतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी तिथे केलं, आणि ते सगळं कुजबुजत केलं.

“नट तू ढिले केलेस?”

“हाव.”

“कधी?”

“तुमी झोपले व्हते तवा.”

“गाढवा. माझा जीव घेतोस?”

“हळू, भाऊजी.”

“मला हळू सांगू नकोस.”

“मंग का मोठ्यानं सांगू?”

मी त्याला त्याच्या आणि माझ्या दोन्ही घराण्यांसमोर काय काय ऐकवणार आहे ते एकेक करून त्याच्या कानात सांगितलं. बल्लारपूरवाल्याचाही वाटा त्यालाच दिला. तो ऐकत होता. मग माझ्या लक्षात आलं की तो रडतोय, तेही आवाज न करता, आणि त्याची नजर पुंजण्यावरून हटत नाहीये. मी बोलायचं थांबलो. राग गेला नव्हता. त्याला बाहेर पडायला जागा नव्हती एवढंच.

आम्ही गप्प बसलो. हत्तीही शांत झाले. कान खाली आले, पिल्लू मधून बाहेर आलं, ते निवांत खात होते. पोट भरल्यावर ते आले तसे झाडांत गेले. आम्ही चालत घरी आलो.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. दिवाकरला ते जे बोलले ते तो सत्तरीच्या बापाकडून ऐकून घेऊ शकला हेच विशेष. शेवटी म्हणाले, “हत्तीले आपूनच शिकवलं. जिथी धान, तिथी फटाके. आता आवाज आला का त्याले समजते, इथी जेवन हाये.” मग माझ्याकडे वळून, “आन् तुमी जवाईबापू, त्याच्यापाशी गाडी ठेवून झोपले काऊन?” दुसऱ्या दिवशी मामाजी पारावर गेले आणि त्यांनी गावाला सांगितलं की आता फटाके नाहीत, थाळ्या नाहीत, कुत्रीसुद्धा बांधून ठेवायची. काही जण चिडले. भर पारावर वाद झाला. मामाजींनी हात वर करून फक्त आपल्या बांधीकडे दाखवलं.

बैल लावून गाडी बांधावर ओढून काढली आणि मी पुन्हा नट आवळले. या वेळी प्रत्येक नटावर आणखी एक नट. दिवाकर उजेड धरून उभा होता. त्यानंतर यंत्र आलं आणि उरलेलं धान मळून झालं. निम्म्याहून जास्त गेलं होतं. निघताना मामाजींनी डिकीत एक छोटी थैली ठेवली. मी म्हणालो, यंदा राहू द्या, तुम्हालाच पुरणार नाही. त्यांचा आवाज त्या आठवड्यात पहिल्यांदा चढला. “लेकीले खाली हातानं धाडू काय?” नलूने माझा दंड दाबला. मी डिकी बंद केली.

नाक्यावर तोच जवान होता. गाडी ओळखून त्याने हात केला, कान पुढे केला. मी दुसऱ्या गियरमध्ये पाय काढला. चाकांखालची खडी तेवढी वाजली. त्याने मान डोलावली. पुलावरून जाताना मी पहिल्यांदाच बगळे पाहिले. चंद्रपूरच्या अलीकडे बल्लारपूरची पाटी आली तेव्हा नलू माझ्याकडे बघत होती. मी वळलो नाही. गॅरेजवाल्यावरचा राग अजून आहे, इतका की त्याचं तोंड पाहिलं तर काय बोलायचं ते मला पाठ आहे. पण सबंध रस्ताभर मी दिवाकरशीच मनात भांडत होतो. एका माणसावर इतकं चिडायचं आणि त्याच वेळी त्याच्या पुंजण्याची नासाडी करवणाऱ्या आवाजाला आपलाच पाय कारण होता हे विसरायचं, हे मला काही जमेना.

नाशिकला आल्यावर दोन दिवसांनी संध्याकाळी नलू नवा तांदूळ निवडायला बसली. थैलीत हात घातला तर आत खोलवर काहीतरी लोखंडी लागलं. तिने काढलं. पाना होता. तोच, दिवाकरचा. मी तो हातात घेतला आणि माझं सगळं पुन्हा वर आलं. म्हणालो, ही काय थट्टा आहे? लाव फोन. स्पीकरवर लाव. कुकर गॅसवर होता, त्यातही नवाच भात होता. फोन लागला. मी तोंड उघडलं.

“हळू बोला, भाऊजी,” दिवाकर कुजबुजला. “वरच्या बांधीत हायेत.”

मी उघडलेलं तोंड तसंच ठेवून थांबलो. मग हळू विचारलं, “गावात?”

“सारे चूप बसून हायेत. बाबा ओसरीत. कुत्रं बांधलं.”

“आणि हा पाना?”

“तुमच्यापाशीच राहू द्या. इथी राह्यला तं थाळी ठोकाले माहा हात जाते.”

त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. कुणीच फोन ठेवला नाही. नलू तांदळाचे हात तसेच घेऊन जवळ येऊन उभी राहिली. कुकरच्या झाकणाखाली वाफ गोळा होऊन शिट्टी हलायला लागली होती. मी दोन पावलांत गेलो आणि गॅस बंद केला.